डाव शिकवला, तोड राखून ठेवली

पूर्वी चंपानगरीत धृतिवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मल्लांच्या कुळात जन्मला आणि आचार्य बलमित्रांच्या आखाड्यात पट्टशिष्य झाला. त्या आखाड्यात डाव पहिल्या वर्षापासून शिकवीत. पण डावातून सुटण्याची तोड मात्र आचार्य ज्याच्या दंडात कडे घालीत, त्यालाच मिळे. कडे नसलेल्याने बाहेर कोणाला शिकवायचे नाही, असाही दंडक होता. शिष्य बांधलेले राहावेत आणि आचार्यांना कोणी चीत करू नये, एवढाच या सगळ्याचा अर्थ. पण आखाडा त्याला धर्म म्हणे.

घाटावरच्या नावाड्यांना लुटारू छळीत. सुजात नावाच्या शिष्याला अजून कडे मिळाले नव्हते, तरी त्याने कळवळून त्यांना मान धरण्याचा डाव शिकवला. सराव करताना तिंबरू नावाडी भावाच्या पकडीतून सुटायला भलत्याच बाजूला वळला आणि त्याची मान कायमची वाकडी झाली.

आखाडा खवळला. तिंबरूसाठी नव्हे, परवानगीवाचून शिकवले म्हणून. हे सांगतानाही चीड येते. सुजातला हाकलायचे आणि नावाड्यांना विद्याचोर म्हणून राजापुढे उभे करायचे, असे ठरले.

तेवढ्यात तिंबरूची बायको दाराशी आली. "चोर म्हणा, महाराज. पण सुटायला कुठं वळायचं, तेवढं माझ्या दिराला सांगा. लुटारू काही यायचे थांबत नाहीत."

बोधिसत्त्व म्हणाला, "बाई, धरणाऱ्याच्या छातीकडे वळायचं. माणूस घाबरून बाहेर वळतो, तिथंच मान जाते."

आचार्य संतापले. "चारचौघांत तोड सांगितलीस? माझ्यामागं ही गादी तुझी आहे. पुन्हा बोलणार नाही अशी शपथ घे, मी विसरून जाईन."

"सुजात चुकला, आचार्य. पुरतं येत नव्हतं ते शिकवायला गेला. पण त्याला अर्धं कुणी दिलं? आपण तोड दाबून बसलो आणि एका कष्टाच्या माणसाची मान गेली. ही गादी मला नको."

त्याने दंडातले कडे काढून ठेवले आणि सुजातला घेऊन तो घाटावर गेला. तिथे तो आधी तोड शिकवी, मग डाव. पुढे लुटारू आले ते मार खाऊन पळाले. तिंबरूची मान मात्र अखेरपर्यंत सरळ झाली नाही.

ही कथा जमलेल्या भिक्षूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "आज्ञेवाचून उपदेश केला म्हणून ज्या तरुण भिक्षूला तुम्ही इथे ओढून आणलेत, तो तेव्हाचा सुजात. तक्रार घेऊन आलेले हे ज्येष्ठ भिक्षू, स्थविर, तेव्हाचे आचार्य. पट्टशिष्य मी होतो. स्थविर, त्याला परवानगी नव्हती हे तुम्ही सांगितलेत. ऐकणाऱ्यांना काय कमी पडले, हे तेव्हाही विचारले नाहीत, आजही नाही."

स्थविरांनी तक्रार मागे घेतली. राखून न ठेवता देणे, ही बोधिसत्त्वाची त्या जन्मातली दानपारमिता, म्हणजे दानाची पूर्णता, होय.