मोगरीचे धोंडे

घाटात सडक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खालचं मीठ तट्टांच्या पाठीवर लादून वर देशावर न्यायचे. घाटाच्या पायथ्याला तळखांब गाव आहे, तिथं गोंदाजी नावाचा परीट राहायचा. बोलायचा कमी. पण जनावरांच्या पायाचा तसा जाणकार पुन्हा झाला नाही, असं म्हणतात.

त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. एकदा घसरून त्याच्याच टाचेची शीर दुखावली होती. काम सोडता येईना, म्हणून तो तसाच ओढ्यात उभा राहून कपडे धूत राहिला. संध्याकाळी बाहेर आला, तर सूज निम्मी उतरलेली. त्याला ठाऊक होतं ते एवढंच.

त्याच गावात ठकूबाई मीठ वाहायची. नवरा गेल्यावर तिला आधार उरला तो मोगरी नावाच्या घोडीचा. एका दिवाळीनंतर घाट उतरताना मोगरीचा पाय धोंड्यांच्या फटीत अडकला. गुडघ्याखाली मागची शीर टम्म फुगली. पाय टेकवेना.

तेव्हा रीत एकच होती. तापल्या सळईचा डाग द्यायचा, आणि तरी जनावर चाललं नाही तर वरच्या खिंडीत सोडून यायचं. खिंडीत वाघ होता. ठकूबाईनं सळई चुलीत घातली, तोच गोंदाजी दारात आला.

"ठकूबाय, डाग नको. घोडी मला दे."

"तुला? धोतराबरोबर पिळून वाळत घालतोस का काय?"

जमलेले लोक हसले. गोंदाजी लाजला, पण दारातून हलला नाही. शेवटी तिनं दावं त्याच्या हातात दिलं.

तो रोज सकाळ-संध्याकाळ मोगरीला ओढ्याच्या डोहात उभं करी आणि स्वतःही शेजारी उभा राही. मधल्या वेळात मऊ धडप्याची पट्टी बांधी. दोघं इतकी निश्चल उभी राहत, की मासे त्यांच्या सावलीत येऊन निजत. भर वैशाखातही तो डोह तापला नाही, असं म्हणतात.

पण ते पुढचं. महिन्याभरातच मोगरीचं लंगडणं थांबलं, आणि ठकूबाई दावं घ्यायला आली.

"शीर अजून कच्ची आहे," गोंदाजी म्हणाला.

"लंगडत नाही, मग आजारी कसली?"

घाटातले सगळे तसंच समजत. दुसऱ्या दिवशी तिनं दोन गोणी लादल्या. दुसऱ्या वळणावर मोगरी खाली बसली.

ठकूबाई रडतच ओढ्यावर आली. "चुकलं रे माझं. आता तू म्हणशील तसं."

गोंदाजी रागावला नाही. त्यानं पुन्हा पाणी, पुन्हा पट्टी सुरू केली. सूज उतरल्यावर तो मोगरीला चालवू लागला. पहिल्या दिवशी फक्त ओढ्याकाठच्या उंबराच्या झाडापर्यंत. जिथं थांबली तिथं त्यानं ओढ्यातला एक धोंडा ठेवला. पुढच्या दिवशी त्याच्या थोडं पुढं, आणि तिथं दुसरा धोंडा. कधी पाय गरम लागला, की आठ-आठ दिवस नवा धोंडा पडत नसे. पावसाळ्यात दरडी कोसळल्या, पण मोगरीचा एकही धोंडा हलला नाही, असं म्हणतात.

पुढच्या दिवाळीला धोंडे खिंडीच्या तोंडाशी पोचले.

"आता ओझं लादू?" ठकूबाईनं भीत भीत विचारलं.

"आज ओझं तू घे. तिला रिकामी चढू दे."

तिनं अर्धी गोणी पाठीवर घेतली. तिसऱ्या वळणावर तिला धाप लागली, आणि ती मटकन बसली. मोगरी मात्र पुढं गेली. थेट खिंडीत जाऊन उभी राहिली आणि अशी खिंकाळली, की वाघ जो निघून गेला तो परत आला नाही. मग ती तो सगळा उतार धावत खाली आली आणि ठकूबाईच्या खांद्यावर तोंड ठेवून फुरफुरली. ठकूबाईनं आधी तिचा पाय चाचपला. शीर गार होती. तेव्हा कुठं ती बाई मोठ्यानं हसली.

आता घाटात सडक आहे. तट्टं थोडीच उरलीत. तरी तळखांबात कुणाच्या तट्टाचा पाय बरा झाला, की पहिलं ओझं मालक स्वतःच्या पाठीवर खिंडीत नेतो. जनावर शेजारून रिकामं चालतं. वाटेत भेटेल तो विचारतो, "कशी काय गोणी?"

विचारणारा कुणीही असो, मालकानं घाम पुसत एवढंच म्हणायचं असतं, "जड आहे, गोंदाजी."