बाकी दोन

सरदार निंबाजीरावांच्या पदरी मी गणिती होतो. म्हणजे माझी पगडी मोठी होती. मेजवानीच्या दिवशी सरदार गरजले, “तुम्हा-आम्हाला धरून पन्नास माणसं आहेत. आठआठांच्या पंक्ती मांडा. एकही माणूस उरला, तर तुमची पगडी उतरली!”

मी भागाकार केला. सहा पंक्ती झाल्या, बाकी दोन. मग अक्षर सुधारून पुन्हा केला, तरी बाकी दोनच!

स्वयंपाकीण सगुणाबाई हसली. “सरकार, यजमान कधी पाहुण्यांआधी पानावर बसतो होय? सहा पंक्ती बसवा. उरलेले तुम्ही दोघं तूप वाढा.”

सरदारांनी तुपाचं भांडं उचललं.

माझा भागाकार बरोबरच होता. फक्त ती बाकी म्हणजे आम्ही दोघंच, एवढं कळलं नव्हतं.