बुवांचा कान

लेक इरासाठी ऑनलाइन गाण्याचे गुरुजी शोधता शोधता चिपळूणची सुनेत्रा नीळकंठबुवांपाशी येऊन ठेपली. बुवा पडद्यावर आले ते स्वतःची थोरवी गातच! मध्येच गुरूंचं नाव निघालं, की भक्तिभावानं कानाच्या पाळीला हात लावायचे. पोरीची विचारपूस मात्र शून्य. अखेर म्हणाले, "हं, गा बाळ."

सुनेत्रानं हळूच माइक बंद केला. इरा डोळे मिटून गायली. बुवांनी मान डोलावली. "वा! गळा गोड आहे, पंचम तेवढा उतरतो. माझ्याकडे आली की मैफली गाजवेल!"

सुनेत्रानं माइक सुरू केला. "बुवा, माइक बंद होता. गुरूंच्या नावानं कानाला हात लावता, छानच. पण शिष्य गाताना त्याच कानानं ऐकत चला!"

या वेळी कोणाचंच नाव न घेता बुवांचा हात कानाला गेला.