ओट्याखालचे दोन पाट

“बुवा, आता तरी सांगा. यात खोट कुठे आहे?”

त्र्यंबकरावांनी नकाशाची गुंडाळी चौथ्यांदा उलगडली. उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

आत्मारामबुवा शेवग्याच्या शेंगांचे दोरे काढत बसले होते. त्यांनी नकाशाकडे पाहिलं. मग हातातल्या शेंगेकडे पाहिलं. शेंगच जास्त आवडली असावी, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

प्रवरेच्या काठी, गावाबाहेर, बुवांचा मठ. मठ कसला, दोन खोल्या नि एक ओसरी. आधीच्या महाराजांच्या वेळी बुवा इथले आचारी होते. चाळीस वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घातलं. महाराज गेले आणि लोकांनी यांनाच धरून गादीवर बसवलं. गादीवर बसले, पण हातातली पळी काही सुटली नाही.

आणि त्र्यंबकराव म्हणजे कालव्यावरचे ओव्हरसियर. आता निवृत्त. उंची सहा फूट, पाठ ताठ, खिशात कायम पोलादी टेप. त्यांनी बारा पूल बांधले, त्यातला एकही बोटभर चुकला नाही, असं ते स्वतःच सांगायचे. देवाला नमस्कार करतानाही हा माणूस मूर्तीची उंची मोजत असेल, असं गाव म्हणायचं.

त्यांच्या घरातलं स्वयंपाकघर वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वेळचं. ओट्याचा कडप्पा चिरलेला. भिंती तेलकट, काळ्या. नळ टिपटिप गळायचा. दिवा एकच, तोही पाठीमागे, म्हणजे फोडणी घालायची ती आपल्याच सावलीत.

घर पाडायचं नव्हतं, भिंत हलवायची नव्हती. नवा ओटा, नवी फरशी, नळ, दिवा आणि भांड्यांसाठी चार ट्रॉल्या. एवढंच. परवा सकाळी इस्माईल गवंडी घण घेऊन येणार होता. परवा नाही जमलं तर पुढे दिवाळीपर्यंत त्याला सवड नव्हती.

आणि ओटा एकदा बसला की बसला. तो काही पडदा नव्हे, नाही आवडला की काढला. त्र्यंबकरावांच्या बायकोचं, अनसूयाबाईंचं, उरलेलं आयुष्य त्या ओट्यापुढे उभं राहून जायचं होतं.

पण वडिलांपासूनची रीत अशी, की मठातून ‘हो’ आल्याशिवाय घरातल्या विटेला हात लावायचा नाही. आणि बुवांनी तीन वेळा नकाशा नुसता परत सरकवला होता. एक अक्षर न बोलता.

“फरशीचा रंग खटकतो का? पिस्ता आहे.”

“छान आहे.”

“मग ट्रॉल्या?”

“त्याही छान.”

“मग अडलंय कुठे?”

बुवांनी शेंगेचा लांब दोरा ओढून काढला…

“मीठ कुठे आहे रे?”

“तिसऱ्या कप्प्यात. हे काय, लिहिलंय.”

“ते झालं कागदावर. आत्ता तुझ्या घरात कुठे आहे?”

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला.

“ते… तिला ठाऊक. पण बुवा, तुम्ही हा ओटा बघा. अण्णांचा ओटा आहे छत्तीस इंच. मी स्वतः त्याच्यापुढे उभा राहिलो. दोन्ही हात टेकले, कणीक मळल्यासारखं करून पाहिलं. चांगलं वाकावं लागतं हो! म्हणून नवा अडतीस धरलाय. पाठीला आराम.”

“कोणाच्या?”

“म्हणजे काय, जो उभा राहील त्याच्या.”

“हं…”

बुवांनी शेंगा सुपात टाकल्या आणि हात झटकले.

“उद्या दुपारी जेवायला येतो तुझ्याकडे. बाजरीची भाकरी करायला सांग.”

“या की! आणि नकाशा?”

“तो राहू दे. बाजरी बरी.”

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्र्यंबकरावांनी घर डोक्यावर घेतलं. गवंडी यायच्या आधी स्वयंपाकघर रिकामं हवं. डबे पडवीत, पिंपं पडवीत, जेवणाचं टेबल, खुर्च्या, सतरंज्या सगळं पडवीत. उरला ओटा, त्यावरची शेगडी, आणि ओट्यापुढे जमिनीवर एक पाट.

हा पाट म्हणजे त्र्यंबकरावांच्या पायाचा वैरी. चार बोटं उंचीचा, सागवानी, कडा झिजलेल्या. पाणी प्यायला आत यावं, की ठेच लागलीच. मग ते पायाने तो ओट्याखाली ढकलायचे. अनसूयाबाई पायानेच तो परत ओढून घ्यायच्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि सत्तावीस वर्षं हे असंच चाललेलं. ढकलणं त्यांचं, ओढणं हिचं.

आज खाली वाकून बघतात, तर ओट्याखाली आणखी एक पाट.

“अगं, हा दुसरा कुठून आला? मी अडगळ बाहेर काढतोय नि तू आत आणतेस!”

“काल माळ्यावरून काढलाय. लागेल.”

“नव्या स्वयंपाकघरात पाट? नकाशात पाट नाहीत.”

“नसू देत. मी आणीन माझे.”

त्र्यंबकरावांनी कपाळाला हात लावला. बारा पुलांवर कोणी त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं.

बुवा आले ते थेट स्वयंपाकघरातच. चिरलेल्या कडप्प्यावरून त्यांनी हात फिरवला, जुना सोबती भेटल्यासारखा. मेथीच्या भाजीचा वास घेतला. ओट्यापुढच्या पाटाकडे पाहिलं. मग अनसूयाबाईंकडे पाहिलं. अनसूयाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि उगाचच वर बघितलं.

बुवांनीही वर बघितलं. वर काही नव्हतं.

“त्र्यंबका, मला जमिनीवर बसवत नाही रे आता. पाट दे एखादा.”

“टेबल आणतो ना आत! खुर्ची…”

“पाट दे.”

त्र्यंबकरावांनी चटकन ओट्यापुढचाच पाट उचलला, फडक्याने पुसला, भिंतीशी मांडला. बुवा बसले.

“तूही बस.”

“मी नंतर, आधी तुमचं…”

“एकट्याने जेवायला मी काय रुसलोय? बस. तो घे की दुसरा.”

दुसरा पाटही निघाला. त्यावर त्र्यंबकराव बसले. ताटं आली. मेथीची भाजी, लसणाची चटणी, कांदा, ताक. फक्त भाकरीची वाट.

अनसूयाबाईंनी परातीत पीठ घेतलं, ऊन पाण्याने मळलं, गोळा केला.

थप्… थप्…

रोज या घरात भाकरीचा आवाज कसा यायचा, ढोलकीवर थाप पडल्यासारखा. आज तो मांजर दार खरवडतंय तसा येत होता.

पहिली भाकरी बुवांच्या ताटात पडली. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली, मधेच शेपूट फुटलेलं.

बुवांनी ती उचलली, उजेडात धरली, गोल फिरवली, आणि तोडून खाऊ लागले.

“गोड आहे,” ते म्हणाले.

दुसरी त्र्यंबकरावांच्या ताटात आली. ती पहिलीपेक्षा वाईट. त्र्यंबकरावांचे कान लाल झाले. साऱ्या तालुक्यात जिच्या भाकरीचं नाव, तिने आजच, बुवांपुढे, हे करावं?

“अगं, झालंय काय तुला आज? ही भाकरी आहे की धरणाचा नकाशा?”

अनसूयाबाई वळल्या. हात पिठाचे, कपाळाला पीठ, खांदे कानाला लागलेले.

“मी काय करू? पाटावर तुम्ही बसलात.”

…

त्र्यंबकरावांनी खाली पाहिलं. पाटाकडे. मग बुवांच्या पाटाकडे. मग बायकोकडे.

ती जमिनीवर उभी होती. अशी ती त्यांनी इथे कधी पाहिलीच नव्हती. ओटा तिच्या पार छातीशी आला होता. भाकरीवर जोर द्यायला हात वरून खाली यावा लागतो. हिचे हात खालून वर चालले होते, उंच फळीवरचं काही चाचपावं तसे.

“तू…” त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तू एवढी बुटकी कधी झालीस?”

“लग्नात होते तेवढीच आहे. फोटो बघा. तिथेही पाटावरच उभी आहे.”

बुवांना ठसका लागला. ताकाचा घोट घेऊन तो त्यांनी मिटवला.

“अगं, पण बोललीस का नाहीस?”

“मामंजींनी हौसेने बांधलेला ओटा. गल्लीतला पहिला उभा ओटा तो. स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहिले नि हाताने दाखवलं, इथवर. आता आठ दिवसांच्या सुनेनं म्हणायचं का, की तुमचा ओटा मला उंच होतो? पाट घेतला नि उभी राहिले.”

“आणि मी विचारलं तेव्हा?”

“तुम्ही फरशीचा रंग विचारलात. पिस्ता की बदामी.”

त्र्यंबकरावांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

“मग हा दुसरा पाट?” त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक.

“नवा ओटा आणखी दोन इंच वर जाणार ना? म्हटलं, एकाने भागायचं नाही.”

हे ती हसत म्हणाली. त्यात टोमणाही नव्हता. त्र्यंबकरावांना तेच जास्त लागलं.

ते उष्ट्या हातानेच उठले. डाव्या हाताने खिशातून टेप काढली. बायकोपुढे दोन्ही गुडघे टेकले. बारा पूल ज्या टेपने उभे राहिले, ती त्यांनी जमिनीपासून वर ओढली.

“हात असा धर. भाकरी थापतेस तसा. हलू नकोस.”

“उठा हो! बुवा बसलेत.”

“माझं लक्ष ताटात आहे,” बुवा म्हणाले.

त्र्यंबकरावांनी माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं.

“एकतीस,” ते म्हणाले. “एकतीस! आणि मी अडतीस धरले होते. सात इंच… बुवा, पूल सात इंच चुकला असता, तर मला घरी बसवलं असतं.”

“घरी बसलायसच की,” बुवा म्हणाले.

अनसूयाबाई खळखळून हसल्या. मग त्र्यंबकरावांनाही हसू आलं.

त्यांनी हात धुतला, पेन्सिल आणली, नकाशा आणून ओट्यावर पसरला, आणि अडतीसवर काट मारली.

“आणखी काय चुकलंय? सांग.”

“मला नकाशातलं नाही कळत.”

“मग तुझ्या पद्धतीने सांग.”

अनसूयाबाईंनी जरा विचार केला. नाही, विचार केलाच नाही. तो वर्षानुवर्षं करून ठेवलेला होता. परातीत उरलेलं पीठ त्यांनी तळव्याने सपाट केलं आणि त्यात बोट चालवू लागल्या.

“हा ओटा. दिवा इथे, माझ्या पुढ्यात. पाठीमागे नको. ही मांडणी खिडकीवरून काढा, म्हणजे उजेड येईल नि शेजारच्या गंगूकाकू दिसतील. मिक्सरची पिन इथे, आत्ता वायर शेगडीवरून जाते, जीव घाबरतो. इथे खलबत्त्याला जागा, खाली, जमिनीवर. नि मिठाला कप्पा नको. मीठ ओट्यावर, उजव्या हाताशी. ट्रॉल्या चार कशाला? दोन पुरेत. पिस्ता राहू दे, पिस्ता चांगला आहे.”

बोट थांबलं. पिठात पाच-सहा रेघा, दोन गोल. झालं स्वयंपाकघर.

त्र्यंबकरावांनी नकाशा उलटा केला. कोऱ्या बाजूवर ते परातीतल्या रेघा उतरवू लागले. मान खाली घालून, एकेक, विचारत विचारत. “ही रेघ इथवरच ना?” “थोडी अलीकडे.” “अशी?” “हां, अशी.”

तेवढ्यात बुवा उठले. आपला पाट त्यांनी स्वतः उचलला, ओट्यापुढे नेऊन ठेवला. अनसूयाबाई त्यावर चढल्या.

थप्, थप्, थप्. ढोलकी वाजली.

ही भाकरी चंद्रासारखी गोल आली. बुवांनी ती उभ्यानेच खाल्ली.

जाताना त्र्यंबकराव दारापर्यंत आले. काखेत नकाशाची गुंडाळी, हातात तो जुना, कडा झिजलेला पाट.

“बुवा, आता ‘हो’ म्हणा.”

“हो.”

“आणि हे पाट? ओटा एकतीसचा झाला, आता यांचं काम संपलं. बंबात घालू?”

बुवांनी चपला पायात सरकवल्या. सहा फुटी त्र्यंबकरावांकडे खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं.

“एक ठेव, त्र्यंबका… तिच्या बरोबरीने उभं राहायला आता तुला लागेल.”