भिंतीला ओल आहे का?

एका लहानशा राज्यात एक मोठा तलाव होता, आणि तलाव म्हटला की त्याच्यामागे एक सरकारी खातं आलंच. त्या तलावखात्याचे प्रमुख होते नरहरपंत. माणूस सचोटीचा. कुणाच्या दमडीला कधी हात लावला नाही, कामात कधी चुकारपणा केला नाही. फक्त स्वभाव जरा ताठ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लांब दिली होती. घरी गेल्यावर चूल पेटवायची ती स्वतः, आणि जेवायचं तेही एकट्यानं. त्यामुळे पंतांचा सगळा जीव तलावात. तलावाची दगडी भिंत हेच त्यांचं गणगोत होतं.

त्या राज्यात एक चांगली रीत होती. दर हंगामाच्या शेवटी दोन दिवस सभा भरायची. तिला लोक 'विचारणी' म्हणत. प्रत्येक वस्तीनं आपला एक पंच निवडून पाठवायचा आणि पंचांनी एकेका खातेप्रमुखाला उभं करून प्रश्न विचारायचे. विचारल्याशिवाय खातेप्रमुखानं तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. दंडक घालणारा शहाणा असला पाहिजे, नाहीतर एकेक जण दिवेलागणीपर्यंत स्वतःचीच आरती ओवाळत बसला असता. सांगण्यासारखी काही उणीव नसेल तर प्रमुखानं एकच शब्द उच्चारायचा : 'निरंक.' म्हणजे काही नाही. सरकारी शब्द आहे, पण कानाला कसा धुऊन वाळत घातल्यासारखा लागतो.

तलावाच्या भिंतीखाली एक वस्ती होती, खालची वाडी. तिथून तान्हूबाई नावाची म्हातारी पंच म्हणून यायची. ती भाजी पिकवायची आणि शेळ्या पाळायची. भिंत कशी बांधतात यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिचा प्रश्न एकच असायचा, आणि दर विचारणीला तोच असायचा.

"पंत, भिंतीला ओल आहे का?"

"निरंक," पंत म्हणायचे आणि दाणकन खाली बसायचे.

सभेत खसखस पिकायची. तान्हूबाई उठली की पोक्त पंचसुद्धा एकमेकांना कोपरानं ढोसायचे, "आली बघा ओल." पंतांना मात्र हसू यायचं नाही. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण या भिंतीपायी आयुष्य घातलं आणि ही बाई भर सभेत आपल्यावर संशय घेते, हे त्यांना सलायचं. या राज्यात आपला वैरी कोण, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी क्षणभर न थांबता तान्हूबाईचं नाव घेतलं असतं.

पण एक गंमत होती. विचारणीच्या आदल्या दिवशी पंत न चुकता भिंतीच्या पायथ्याशी जायचे. जोडे काढून ठेवायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडांवर तळहात टेकत टेकत चालायचे. उद्या ती बाई विचारणार, तेव्हा आपल्याला खरं उत्तर ठाऊक असलं पाहिजे, एवढाच त्यात हेतू. एकदा हाताला गारवा लागला, तर त्यांनी उभं राहून सांध्यात चुना भरून घेतला आणि मग सभेत ताठ मानेनं 'निरंक' म्हटलं. त्यांचं निरंक खोटं नव्हतं, हे आपण त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

पुढे पंतांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. ती त्यांनी दिवाणांच्या कानावर घातली. जे खातं वर्षानुवर्षं निरंक आहे त्याला पुन्हा पुन्हा उभं करण्यात काय अर्थ आहे? अशा खात्याला मानाचा शेला द्यावा, पुढच्या रांगेत बसवावं आणि प्रश्नांतून माफी द्यावी. अंगावर शेला असेतो त्या प्रमुखाला कुणी काही विचारायचं नाही.

दिवाणांना हे फार पटलं. सभा लवकर उठली तर जेवण गरम मिळतं, हे त्यांच्याही लक्षात आलंच होतं. महाराजांनी मान डोलावली, पंचांनी हात वर केले. एकट्या तान्हूबाईचा हात खाली राहिला. मग मी सभेला येऊन करू काय, असं ती म्हणाली म्हणतात. तिला कुणी उत्तर दिलं नाही. त्यानंतर एकदोन विचारण्यांना ती आली, कोपऱ्यात बसून राहिली, आणि मग यायचीच बंद झाली.

पंतांच्या खांद्यावर शेला पडला. पहिले काही दिवस त्यांना अगदी हलकं वाटलं. दुसरे खातेप्रमुख घाम पुसत उत्तरं द्यायचे आणि हे पुढच्या रांगेत मांडी घालून पानाचा विडा जुळवत बसायचे. बघता बघता आणखी दोघातिघांना शेले मिळाले. सभेत आवाज कमी होत गेला.

खात्यातली माणसंही शहाणी. जो शब्द साहेबाला मान मिळवून देतो तो आपल्याला का चालू नये? भिंतीवरचे राखणदार, तलावाचं पाणी सोडायच्या मोरीवरचे गडी, कचेरीतले कारकून, सगळे त्याच वाटेनं गेले. पंतांनी नुसतं वर पाहिलं की समोरून 'निरंक, पंतसाहेब' असं यायचं. अजून काही विचारलेलंही नसायचं.

असं करता करता पंतांशी कुणी बोलेनासं झालं. म्हणजे मुजरे होते, रामराम होते, पण बोलणं नव्हतं. तलावात पाणी किती, गाळ किती, भिंतीचं काय, असं कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी घरी आलं की चुलीसमोर बसून त्यांना वाटायचं, आज आपण दिवसभरात काय बोललो? आठवून आठवून पाहिलं तरी काही आठवायचं नाही. एका पावसाळ्यानंतर तलाव काठोकाठ भरला होता. एवढं देखणं पाणी! पण ते कुणाला सांगावं असं माणूस त्यांना सापडेना. पंत एकटे पडले होते, आणि तो एकटेपणा त्यांनी स्वतः मागून घेतला होता. ते अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच हंगामाची विचारणी भरली. पहिल्या दिवशी पंत शेला घेऊन पुढच्या रांगेत बसले. त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. जेवणं झाली, लोक पांगले. पंतांना घरी जाववेना. पाय आपोआप तलावाकडे वळले. भिंतीच्या पायथ्याशी येऊन ते थांबले, आणि किती काळात आपण इथे आलो नाही याचा हिशेब त्यांना लागेना. यायचं कारणच उरलं नव्हतं ना! त्यांनी सवयीनं जोडे काढले आणि पहिल्या दगडावर हात टेकला.

दगड कोरडा होता. पुढचाही कोरडा होता. मधोमध आल्यावर मात्र त्यांनी हात टेकला तो चटकन मागे घेतला. तळवा भिजला होता. खाली पाहिलं तर पायाशी लव्हाळं वाढलेलं, माती मऊ झालेली, आणि सांध्यातून पाण्याची बारीक धार येत होती. धारेला माती लागून येत होती. माती येते म्हणजे भिंत आतून पोखरते आहे, हे ज्याला भिंतीतलं कळतं त्याला सांगावं लागत नाही.

पंतांनी राखणदारांना हाक मारली. ते धावत आले. हे काय आहे, असं पंतांनी विचारलं. राखणदारांनी हात लावून पाहिला, ओला हात धोतराला पुसला, एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांतला थोरला खालच्या आवाजात म्हणाला, "निरंकच म्हणायचं ना, पंतसाहेब?"

पंत त्याला रागावू शकले नाहीत. तो शब्द त्याला कुणी शिकवला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते तडक दिवाणांकडे गेले. भिंत वाचवायची तर मोरी उघडून पाणी उतरवायला हवं होतं आणि खालची वाडी रिकामी करायला हवी होती. या दोन्ही गोष्टींना सभेचा ठराव लागायचा. दिवाण झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. पंत, तुम्ही फार काळजी करता, म्हणाले. तुमचं खातं निरंक आहे, शेला का उगीच मिळालाय? आणि तसंच काही असेल तर सभेत कुणी विचारलं की सांगा.

पंत बाहेर आले. सभेत त्यांना कोण विचारणार होतं? विचारायची बंदी त्यांनीच आणली होती. उद्या विचारणीचा शेवटचा दिवस. सभा उठली की पुढच्या हंगामापर्यंत सगळं बंद, आणि तोवर भिंत थांबणार नव्हती. एवढ्या मोठ्या राज्यात आपल्या कामाबद्दल कधीतरी मनापासून विचारणारं माणूस कोण होतं, हे पंत आठवू लागले. एकच नाव आठवलं.

दिवस कलता कलता ते खालच्या वाडीत शिरले. तान्हूबाई दारात शेळीला पाला घालत होती. तिनं पंतांना ओळखलं, 'बसा' म्हणत ओटीवर घोंगडी टाकली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुणी आपल्याला 'बसा' म्हणून किती दिवस झाले असतील, असं काहीतरी मनात येऊन पंतांचे डोळे भरून आले.

"तान्हूबाई, उद्या सभेला या," शेवटी ते म्हणाले. "मला तो प्रश्न विचारा."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या भिंतीकडे पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं. तिचा हात शेळीच्या पाठीवर तसाच राहिला.

"एक सांगा," पंत म्हणाले. "मी दर वेळी तेच उत्तर देत होतो. तरी तुम्ही का विचारत होता?"

"उत्तरासाठी कुठं विचारत होते, पंत?" तान्हूबाई म्हणाली. "मी विचारणार म्हणून तुम्ही आदल्या दिवशी भिंतीशी यायचा, हात लावत लावत चालायचा. मी इथून, या दारातून बघायची. तेवढं बघितलं की मला झोप लागायची."

इतकी वर्षं पंतांना वाटत होतं, त्या भिंतीपाशी आपण एकटेच असतो. तसं नव्हतं. आणि ज्या दारात त्यांची वाट पाहिली जायची, ते दार त्यांनी आपल्या हातानं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभा उठायच्या बेतात होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतले नरहरपंत उभे राहिले. बोलायची परवानगी नव्हती, म्हणून ते बोलले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा शेला काढला, त्याची नीट घडी घातली आणि महाराजांच्या पायाशी ठेवून दिली. दिवाणांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण कायदा सरळ होता. शेला गेला की माफीही गेली.

मागच्या कोपऱ्यातून तान्हूबाई उठली. या वेळी कुणी कुणाला कोपरानं ढोसलं नाही.

"पंत, भिंतीला ओल आहे का?"

"आहे," पंत म्हणाले.

महाराजांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ओल कधीपासून आहे, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, महाराज," पंत म्हणाले. "मला कुणी विचारणार नव्हतं, म्हणून मी बघायला गेलो नाही."

ठराव तिथल्या तिथे झाला. मोरी उघडली. खालच्या वाडीतली माणसं गाडगी-मडकी, शेळ्या-कोंबड्या घेऊन वरच्या धर्मशाळेत आली. पाणी बरंचसं उतरलं, पण भिंत आतून पोखरली होती. काही दिवसांनी तिचा मधला भाग बसला आणि उरलेलं पाणी रिकाम्या वाडीतून गेलं. माणूस एकही गेलं नाही. घरं मात्र गेली. त्यांत तान्हूबाईचंही घर गेलं.

महाराजांनी शेल्याचा कायदा मोडीत काढला आणि पंतांनाही काढायचं ठरवलं. तेव्हा तान्हूबाईच आडवी आली. नवा माणूस आला की पुन्हा निरंकपासून सुरुवात करील, असं ती म्हणाली, हेच राहू द्या, विचारायला मी आहेच. महाराजांनी पंतांना ठेवलं, पण शेवटच्या रांगेत बसवलं.

भिंत पुन्हा बांधली, वाडी पुन्हा वसली. वाडीतली पुष्कळ माणसं पंतांशी बोलत नसत. ज्यांची घरं वाहून गेली त्यांनी का बोलावं? पंतांनीही कधी तक्रार केली नाही. घरी ते तसेच एकटे जेवत.

पण दर विचारणीच्या आदल्या दिवशी ते भिंतीच्या पायथ्याशी जात, जोडे काढत आणि दगडांवर तळहात टेकत चालू लागत. मधोमध आले की थांबून वाडीकडे पाहत. तिथल्या एका नव्या घराच्या दारात एक म्हातारी उभी असे. ती हाक मारत नसे, तेही मारत नसत. ती नुसती बघत उभी असे, आणि पंत पुढच्या दगडावर हात टेकत.

तात्पर्य : कारभार बघितला जातो तो कुणीतरी विचारणार आहे म्हणून. विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं की कारभाऱ्याचेही डोळे मिटतात. म्हणून जो आपल्याला प्रश्न विचारतो त्याला वैरी समजू नये, आपल्या कामातला तोच आपला सोबती असतो.