सातखारच्या रांगेतल्या अकरा जागा

सातखार गावाला तिन्ही बाजूंनी खाडी आहे. पश्चिमेला मिठागर. मीठ पिकवायच्या चौकोनी वाफ्याला इथली माणसं कोंडी म्हणतात, आणि बांधालगतची पहिली कोंडी ती पोरांची कोंडी. दिवाळी झाली की सगळ्यांत आधी तीच तुडवतात, आणि ती फक्त आया नि पोरं तुडवतात. गडीमाणसं बांधावर हात बांधून उभी राहतात. एरवी मिशीला पीळ देणारा बापईसुद्धा त्या दिवशी चिखलात पाय घालत नाही. असं का, ते पाहुण्यांना कमळूआजी सांगते. तिला तिच्या सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं.

फार पूर्वी, म्हणे, समुद्रापलीकडची फौज आली आणि तिनं खाडीपल्याडचा किल्ला घेतला. सातखारनं तोवर बूट पाहिला नव्हता, म्हणून गाव त्यांना बूटवाले म्हणू लागलं. तीन वर्षं त्यांचा अंमल चालला. मग घाटावरून दुसरी फौज उतरणार अशी आवई उठली आणि किल्ल्यावरून रोज तोफा उडू लागल्या.

त्या गावात पोसू नावाची एक तरणी बाई होती. तिला एकच मुलगी, तानकी, सहा वर्षांची. तोफ उडाली की पोसू हातातलं काम टाकून पोरीवर पालथी पडायची. सासू हसायची, "अगं, तोफेनं नाय मरायची, तुझ्या वजनानं मरंल ती!"

एक दिवस किल्ल्याचा दुभाषी दवंडी घेऊन आला. लढाई जवळ आली आहे, दहा वर्षांखालची पोरं किल्ल्यात पाठवा. तिथं भिंती जाड आहेत, दोन वेळा जेवण मिळेल, होळीला पोरं परत. बायका कुजबुजत मागं सरल्या. पुढं झाली ती पोसू. तोफेच्या भीतीनं तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. तिनं तानकीला तेल लावलं, वेणी घातली, फडक्यात भाकरी आणि सुका जवळा बांधून दिला. वर शेजारच्या धर्मीला म्हणाली, "माझी चालली, तुझ्या भिकाला काय सोनं लागलंय? पाठव गो." धर्मीनं पाठवला. मग बाकीच्यांनीही पाठवली. एकोणतीस पोरं होडीत बसून गेली.

पंधरा दिवसांनी किल्ल्यावर मासळी विकणारी एक कोळीण धावत आली. पोरांचे केस कापलेत, म्हणाली. नावं बदललीत. सगळ्यांना एकसारखे लांब झगे घातलेत, आणि वहीत लिहिलंय की ही पोरं अनाथ आहेत. अकरा पोरांना मागल्या आठवड्यातच गलबतानं नेऊन भर समुद्रातल्या मोठ्या जहाजावर चढवलं, बूटवाल्यांच्या मुलखात धाडायला. उरलेली अठरा उद्याच्या भरतीला जाणार. गेलेल्या अकरांत धर्मीचा भिका होता.

धर्मी रडली नाही. पोसूच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "तुझ्या सांगण्यावरून दिला गो मी."

पोसूला जमीन पोटात घेईना. सकाळी ती एकटीच किल्ल्याच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. गलबत लागलं होतं. पोरांची रांग बाहेर काढली होती, सगळी बोडकी, सगळी करड्या झग्यातली. पोसूनं दुभाष्याचे पाय धरले. दुभाष्यानं हसून अंमलदाराला काही सांगितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "पोरांनो, यांतल्या कुणाची ही आई आहे का?"

एकही पोर हललं नाही. तानकीनं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. जो आईला ओळख देईल त्याच्या आईला गोळी घालू, असा पोरांना दम भरलेला होता. पोसूला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, पोर आपल्याला विसरली.

"बघितलंस?" दुभाषी म्हणाला. "अनाथच आहेत. चल, नीघ."

असं सांगतात की पोसूनं त्या वेळी ना हाक मारली, ना ऊर बडवला. तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला, धक्क्याखालच्या चिखलात उतरली आणि तुडवायला लागली. कोंडीचा तळ दगडासारखा घट्ट व्हायला हवा, नाहीतर मीठ धरत नाही. त्यासाठी शेजाऱ्याच्या कमरेला हात घालून, रांगेनं, एका तालात तुडवावं लागतं. दोनदा डावा, एकदा उजवा, मग टाच. सातखारचं पोर उभं राहायला लागलं की त्याला रांगेत जागा मिळते, आणि मिळाली की ती जन्माची. तोंड बंद ठेवायला बूटवाल्यांनी शिकवलं होतं. पायांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

आधी तानकीची टाच हलली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. बघता बघता अठराही पोरं एकमेकांजवळ सरकली, कमरेला हात गेले आणि धक्क्याच्या फळ्या धडधडू लागल्या. अंमलदाराला तो नाच वाटला. तो टाळ्या वाजवू लागला.

गलबताचा तांडेल मात्र आपल्याच किनाऱ्याचा होता, जोमा नावाचा. अनाथ पोरं पोचवायची, पुण्याचं काम, असं सांगून त्याला आणलं होतं. तो बघत राहिला. रांगेत मध्ये मध्ये जागा सुटल्या होत्या. तिथं पोरांचे हात कमरेला न लागता हवेतच वाकले होते, पण ती जागा भरायला कुणी सरकत नव्हतं. जोमानं त्या जागा मोजल्या. अकरा निघाल्या. मागल्या आठवड्यात आपण जहाजावर कुणाला पोचवून आलो, ते त्याला कळलं.

तो दोर आवळायच्या निमित्तानं खाली उतरला आणि पोसूजवळ पुटपुटला, "बाय, पोरं तुला विसरली नाय, भ्यालीत. घरला जा. ओहोटी लागंल तवा समद्या आयांना बांधावर उभं कर."

गलबत सुटलं. चाळीस वर्षं खाडी कोळून प्यालेल्या जोमानं त्या दिवशी नवशिक्यासारखं गलबत सातखारसमोरच्या गाळात रुतवलं. बूटवाल्यांनी शिव्या घातल्या. जोमा कपाळाला हात लावून म्हणाला, "काय करू सायेब, म्हातारा झालो, नजर गेली!"

पाणी उतरलं. समोर बांधावर साऱ्या आया तुडवत होत्या. गडीमाणसं हात बांधून उभी होती, ती पुढं झाली असती तर बंदुका उडाल्या असत्या. गलबत हलकं करायच्या निमित्तानं जोमानं पोरांना खाली सोडलं. "पळू नका रं. पळाल तर रुताल. कामावर जाता तशी जा." पोरं कमरेला हात घालून, एका तालात, गाळावरून निघाली. शिपायांनी मागोमाग उड्या टाकल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एकानं पाय उपसला तर बूट खालीच राहिला. बंदुका चिखलानं भरल्या. अठराही पोरं बांधाला लागली. तानकीनं आईच्या पोटात तोंड खुपसलं आणि पहिली तक्रार केली, "आये, माझी वेणी कापली गो त्यांनी."

गाव त्याच दिवशी डोंगरात गेलं. होळीच्या आत किल्ला पडला, बूटवाले गेले. जोमा तांडेल अकरांच्या शोधात बंदरामागून बंदर फिरला. दोन वर्षांनी रिकाम्या हातानं परतला आणि धर्मीच्या ओट्यावर मान घालून बसला.

पुढच्या दिवाळीनंतर तुडवणीला धर्मी आली, पण बांधावरच बसली. रांग धरताना कुणीतरी तानकीला म्हणालं, "सरक गो, मधी फट राहिली." पोसू पुढं झाली. "सरकायचं नाय. हितं धर्मीचा भिका उभा राहतो. मी धाडलाय त्याला. तो येईस्तोवर ही जागा मी राखीन, माझ्यामागं माझी पोर राखंल." मग एकेक करून तिनं अकराही जागा नावानिशी दाखवल्या. मग धर्मीनं काष्टा खोचला आणि भिकाच्या जागेच्या पलीकडं येऊन उभी राहिली.

आजही सातखारला पहिली रांग धरली की अकरा नावं पुकारतात, आणि त्या जागांच्या दोन्ही बाजूंची पोरं हात हवेत वाकवून धरतात. पाहुण्यांच्या पोरांनाही तुडवायला घेतात. एखादी आई घाबरते, पोराचं मनगट सोडत नाही, मग आजी दटावते, "सोड गो त्याला, चिखल धुतला की जातो." ते पोर साहजिकच मधल्या फटीत शिरायला बघतं. आजी त्याचा खांदा धरून त्याला रांगेच्या टोकाला नेते.

"हितं उभा रहा, राजा," ती म्हणते. "ती जागा मोकळी नाय. तिचं माणूस वाटेत हाय."