सारजेचं बिनदाराचं घर

फार जुनी गोष्ट आहे. वाळखेडात तेव्हा वीज नव्हती, पंखा नव्हता. कूलरचं नाव कुणी काढलं असतं तर ऊन लागलं म्हणून त्यालाच कांदा हुंगायला दिला असता. हसू नका, घरं मात्र थंड होती. हातभर जाड मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन आणि खिडकीत वाळ्याची ताटी. वाळा म्हणजे नदीकाठच्या गवताची मुळं. ती विणून ताटी करायची, खिडकीत टांगायची आणि तिच्यावर पाणी मारत राहायचं. बाहेरची झळ तिच्यातून गार होऊन आत यायची.

या ताट्या विणायचा गोमाजी बुरूड. त्याची बायको सारजा आणि तान्ही लेक बिजा. गोष्ट सारजेची आहे, पण गोमाजीपासून सांगावी लागते, इलाज नाही.

वैशाखात भर दुपारी उन्हाची म्हातारी गल्लीतून फिरते, असं म्हणत. ती हाक मारत नाही, बोलत नाही, नुसती दार वाजवते. ज्यानं उघडलं त्याचं लेकरू ती घेऊन जाते. म्हणून दुपार झाली की सारं गाव दाराला अडसर घालून आत गारव्याला पडायचं. बाहेरून कुणी बोललं तर उघडायचं, न बोलणाऱ्याला नाही.

त्या वर्षी ऊन पिसाळलं. विहिरींनी तळ गाठला, उडत्या चिमण्या खाली पडायच्या, असं म्हणतात. बिजाला ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलं, दूध तोंडात धरेना. घरची ताटी जुनी, कुजलेली. नवी विणली की गाव उचलून न्यायचं, घराला कुठली राहणार?

"नदीवरून ओला वाळा आनतो, पोरीच्या उशाशी ठेवू," गोमाजी म्हणाला. "तू दार लावून घे. उन्हं कलल्याबिगर मी येत नाही."

तो सकाळी गेला आणि पोरीच्या काळजीनं भर दुपारीच परत फिरला. डोक्यावर भारा, वाटेत प्यायला थेंब नाही. वेशीत येईतो जीभ टाळूला चिकटली आणि आवाज गेला. त्यानं पाटलाचं दार वाजवलं. मग सोनाराचं, मग शेजाऱ्यांची. प्रत्येक खिडकीत त्यानंच विणलेली ताटी ठिबकत होती. आत माणसं जागी होती, लेकरं पोटाशी धरून बसली होती. कुणी उठलं नाही. पाटलाच्या खिडकीखाली पाणी गळून माती ओली झाली होती, तिथं बोटांचे ओरखडे नंतर सापडले.

शेवटी तो आपल्या दारात आला.

"कोन हाये?" सारजेनं विचारलं. उत्तर नाही. दार पुन्हा वाजलं, मग नुसतं खरवडल्यासारखं झालं. तिनं बिजाच्या तोंडावर पदर धरला आणि भिंतीला पाठ लावून बसली. थोड्या वेळानं आवाज थांबला. पोर वाचली, असं तिला वाटलं. किती बरं वाटलं असेल तिला त्या वेळी.

उन्हं कलल्यावर तिनं अडसर काढला. गोमाजी उंबऱ्यावर मरून पडला होता. भाऱ्यातला वाळा वाळून कडकडीत झाला होता.

बिजा जगली. सारजेनं ते दार चौकटीतून उखडलं आणि नवऱ्याच्या चितेवर घातलं. त्या जागी तिनं स्वतः विणलेली ताटी टांगली. सुतार नवं दार घेऊन आला, त्याला पाणी पाजून परत धाडलं.

बाया समजवायला आल्या. "दार लाव वो सारजा. पोरगी हाये घरात, म्हातारी येईन."

"येऊ द्या," सारजा म्हणाली. "दार लावून मी आपलाच माणूस मारला."

आणि म्हातारी आली. भर दुपारी ताटी सारून आत शिरली. पाय भाजलेले, ओठांना चिरा, तोंडातून शब्द नाही. आढ्याला टांगलेल्या झोळीत बिजा झोपलेली. सारजेनं चटई अंथरली आणि तांब्या पुढे केला. म्हातारी तांब्या प्यायली, घागर प्यायली, रांजण प्यायली. जमिनीतून वाफा निघाल्या, असं म्हणतात. घसा ओला झाला तशी तिला वाचा फुटली.

"मी कोनाचं लेकरू नेलं नाही वो माय. मले पानी पाहिजे होतं. दारात तहानेनं मेलेलं माणूस असं दारं वाजवत फिरते. तुहा धनीही फिरते."

"कवा येईन तो?"

"सारी दारं झाली का येईन. आपलं घर शेवटी येते."

मग ती आडवी झाली. सांजेला चटईवर कुणी नव्हतं, नुसता अंगाचा ओला ठसा होता.

तेव्हापासून सारजा वाट पाहू लागली. दर वैशाखात भर दुपारी ताटी ओली, चटई अंथरलेली, तांब्या भरलेला. गुराखी यायचे, वाटसरू यायचे, ऊन लागलेल्यांना गाव तिच्याच घरी आणून निजवायचं. तिनं कुणाला नाव विचारलं नाही. तिचा रांजण कधी आटला नाही, असं म्हणतात. पण ताटी हलली की ती आधी तोंड बघायची, आणि मग मान खाली घालून पाणी द्यायची. अशीच ती म्हातारी झाली.

एका वैशाखात बिजा सासरहून आली. आई चटईच्या शेजारी जमिनीवर निजली होती, अंग गार पडलेलं. चटईवर एका गड्याच्या अंगाचा ओला ठसा होता. तांब्या रिकामा. आणि उंबऱ्यावर वाळ्याचा भारा, नदीचा चिखल लागलेला, ओलाचिंब. नदी तर चैत्रातच आटली होती.

आज वाळखेडात घरोघरी कूलर आहेत. त्यांच्या गवतात आम्ही वाळ्याची एक जुडी खोचतो. वैशाखात दुपारी कुणी कडी लावत नाही. दाराशी चटई असते, भरलेला तांब्या असतो. दार वाजलं की 'कोण?' असं विचारायची आमच्यात पद्धत नाही. 'ये, पाणी पी' एवढंच म्हणतो. तुम्ही आलात तर तुम्हालाही तेच म्हणू, नाव मागून सांगा. कधीकधी बाहेर कुणीच नसतं. तेव्हा आम्ही तांब्या उंबऱ्यावर ठेवतो आणि दार उघडं राहू देतो.